पुजलेलं पारडं

बाबा, परवा आमच्या कॉलनीतल्या एका बाईंची मुलगी माझ्याकडे आली होती. ती नेमबाजी करते, उडत्या तबकड्यांवर छर्ऱ्याच्या बंदुकीने. सरावाला काडतुसं पुरत नाहीत म्हणून वापरलेली काडतुसं पुन्हा भरायची परवानगी मिळते का, याच्या मागे ती लागली आहे. परवानगीचा अजून पत्ता नाही आणि ही सामानाचे सौदे शोधत बसली आहे. फोन माझ्यापुढे धरून एकेक फोटो दाखवत होती. कुठलं तरी बंद पडलेलं दुकान, जुनं हातयंत्र, साचे, बंदुकीची दारू तोलायचा काटा, सगळं एकदम उचललं तर स्वस्तात. म्हणाली, काकू, सुरुवात कशानं करू? मी म्हटलं, आधी कागद, मग सामान. यंत्र जुनं घेतलंस तरी चालेल, लोखंड झिजलं तर डोळ्यांना दिसतं. काटा मात्र नवा घे आणि त्याच्या किमतीत घासाघीस करू नकोस. तिला ते पटलेलं दिसलं नाही. जाताना चप्पल चढवत अगदी सहज म्हणाली की आमचे सर सांगत होते, तुमच्या हातून एकदा बंदूक फुटली होती ना? तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली बाबा, दुकानाच्या जागी आता मोबाईल दुरुस्तीवाला बसतो, पण तुमचं ते एक वाक्य अमरावतीत अजून धडधाकट आहे.

तुमचीही सुरुवात सौद्यानंच झाली होती. अकोल्याच्या बंदुकीच्या दुकानात तुम्ही मिस्त्री होता. मालक वारले, मुलांना धंदा नको होता, तेव्हा तिथलं काडतूस भरायचं सामान तुम्ही उचललंत. दुकानाचा चांगला काटा मात्र तुम्ही सोडलात, कारण मालकाचा मुलगा भाव उतरवेना. त्याऐवजी धंदा गुंडाळणाऱ्या एका सोनाराकडून दोन पारड्यांचा तराजू निम्म्यात मारलात आणि पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला ते ऐकवलंत. अमरावतीत आपल्या दुकानाचा परवाना झाला, त्यावर कामगार म्हणून माझं नाव चढलं. पिकात रानडुकरं शिरतात म्हणून बंदुकीचा परवाना मिळालेले शेतकरी रिकामी पितळी काडतुसं कापडी पिशवीत घालून आणायचे. तुम्ही शेजारी बसवून मला शिकवलंत. तोलताना बोलायचं नाही, पंखा बंद, अंगावर सुतीच कपडा. सगळ्या पाहुण्यांदेखत तुम्ही एकदा म्हणालात, "हिच्या हाताले वजन समजते." ते मी तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही, पण त्या एका बोलण्यावर मी वर्षभर उडत होते. मला तोच धंदा करायचा होता बाबा. लग्न, नोकरी, काही नको होतं, तुमच्या मागे ते दुकान हवं होतं.

मग तो दसरा. दरवर्षी आपण यंत्र, साचे, पान्हे सगळं पाटावर मांडून पुजायचो. त्या वर्षी तुमच्या अंगात काय उत्साह संचारला होता कोण जाणे, तेलात कालवलेला शेंदूर तुम्ही बोटाने थापला, तराजूलाही. दारूच्या पारड्याला नाही लावला, कारण दारूला तेलाचा हात नको हे तुमच्या रक्तात होतं. लावला तो फक्त वजनं ठेवायच्या पारड्याला, खालच्या बाजूने, दिसू नये असा. शेंदूर किती जड असतो हे मिस्त्री माणसाला सांगायला हवं का? दुसऱ्या दिवशी वलगावचा एक शेतकरी घाईत आला, तुरीत डुकरांनी धुमाकूळ घातला होता. रोज सकाळी रिकामी पारडी समतोल आहेत का ते तुम्ही स्वतः पाहायचात, समतोल साधायच्या स्क्रूला माझ्या हाताची मनाई होती. त्या दिवशी तुम्ही पाहिलं नाही. मी विचारलं की बाबा, एकदा पाहून घ्यायचं का? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काल पुजला न त्याले. आज त्याची खोट काढतं काय?" मी तोलायला लागले. वजनाचं पारडं शेंदराने जड, म्हणजे समोरच्या पारड्यात प्रत्येक वेळी दारू जास्त, आणि मला वाटतंय की आज हात छान बसलाय.

त्याची बंदूक जुनीच होती, तिला तो भार सोसला नाही. डाव्या हाताची बोटं गेली. निरोप आला त्या संध्याकाळी मी चहा घेऊन आत आले तर तुम्ही ते पारडं उलटं धरून नखाने शेंदूर खरवडत होता. मग दांडी टांगलीत, पारडी समतोल झाली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला आजही ते पाहणं जसंच्या तसं दिसतं, म्हणजे आता भाजी निवडता निवडतासुद्धा. तुम्ही म्हणालात, चहा ठेव अन् जा. दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्याच्या खाटेपाशी जाऊन तुम्ही हात जोडले आणि सांगितलंत की पोरीचा हात चुकला. लग्नाचं वय आहे, पोलिसात नाव गेलं तर तिचं आयुष्य जाईल. त्या भल्या माणसाने माझ्यावर दया करून तक्रार केली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे चोरानेच संन्याशाच्या नावावर भीक मागितली. आईला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. तिने पोळी लाटणं थांबवलं नाही. "बापाची इज्जत हाय, गप राह्य," एवढंच म्हणाली. मी गप्प राहिले आणि तुम्ही मला दारूला पुन्हा शिवू दिलं नाहीत. गिऱ्हाईकं माझ्यासमोर विचारायची, पोरीच्या हातची नाई ना? तुम्ही म्हणायचात, नाही, नाही, मीच भरतो. पुढे दुकानही तुम्ही एका परक्या माणसाला दिलंत. मी नांदगाव पेठेत कापडाच्या गिरणीत लागले, सुताचं वजन तपासायला. तिथे आजपर्यंत माझी एक नोंद कुणी खोडलेली नाही.

त्या मुलीच्या बोलण्याने माझी झोप उडाली, म्हणून काल मी वलगावला गेले. ठरवूनच गेले होते की आता आईही नाही, कुणाची इज्जत राखायची? तो शेतकरी आता पार थकलाय, ओट्यावर खाटेवर बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने सुनेला चहा ठेवायला लावला. मी तराजूचं, शेंदराचं सांगायला सुरुवात केली तर त्याने तो बोटं गेलेला हात वर करून मला थांबवलं.

"मले माहीत हाय व माय," तो म्हणाला. "तुहा बाप आला होता न इथं, मराच्या आधी. याच खाटेवर बसून लय रडला. म्हणे, चूक माही होती, पोरीचं नाव मीनंच लावलं."

त्या शेवटच्या महिन्यांत तुम्हाला आंघोळ मी घालत होते, बाबा. भात कुस्करून मी भरवत होते. एके दिवशी शेजाऱ्याच्या गाडीवर बसून कुठे गेला होतात ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी कामावरून आल्यावर तुम्हाला ओरडले होते. म्हणजे वलगावपर्यंत तुमचे पाय गेले आणि पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत नाही गेले. मी रोज समोर होते. एकच वाक्य बोलायचं होतं.

चहा आला. म्हाताऱ्याने बशीत ओतला, फुंकर घातली आणि विचारलं, "तुले तं सांगतलंच असन त्यायनं?"

मी म्हटलं, "हो, सांगतलं. माफीबी मागतली."

हे पत्र मी टाकणार नाही, टाकायचं तरी कुठे? ते खोटं मी तुमची अब्रू राखायला बोलले असं तुम्ही समजाल, पण तसं नाही. आपल्या बापाने परक्या माणसाला सांगितलं आणि आपल्याला नाही, हे त्याच्यासमोर कबूल करायची मला लाज वाटली.