आईचं रिमाइंडर

मंगळवार, डोंबिवली

सेट-टॉप बॉक्स आठवडाभर हँग होत होता, म्हणून आज ऑफिसातून आल्या आल्या अपडेट मारला. आधी पेनड्राइव्हवर बॅकअपही घेतलेला. मोठी शहाणी मी! चॅनेल सगळे जागच्या जागी आले. वाटलं, झालं काम.

मग आईच्या मालिकेची वेळ झाली, आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही.

ते रिमाइंडर आईने स्वतः लावलेलं, प्लॅस्टिक चढवलेल्या त्या रिमोटने. ती गेल्यावरही रोज पट्टी यायची: मालिका सुरू होतेय, बघायची का? बाबांनी जन्मभर त्या मालिकांना नावं ठेवली, पण आता "आली बघ ही" म्हणत ओके दाबायचे आणि शेवटपर्यंत बघायचे. बॅकअपमध्ये चॅनेल येतात, रिमाइंडर येत नाही. हे मला आधी का नाही सुचलं?

बाबा रिमोटच्या प्लॅस्टिकवरून अंगठा फिरवत थांबलेले. म्हणाले, "आज विचारलं नाही गं तिने."

"मी लावते ना परत. दोन मिनिटांचं काम आहे, बाबा."

त्यांनी रिमोट दिलाच नाही. "नको. तू लावलंस तर तू विचारशील."

मालिका केव्हाच सुरू झालेली. आम्ही दोघं बातम्याच बघत बसलो.