ठरावातला पारा

साईनाथराव यांस,

कोथरूडहून जयसिंगचा नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी आधी करायला हवी, ती केली असं समजावं. सध्या मी विजयी आहे, आणि विजयी माणसाला दुसऱ्याचे गुडघे फार वेळ सुचत नाहीत. (तरी तेल लावत जा.)

तुमची बहीण दुपारी आमच्या सोसायटीच्या सभागृहात भजनाला बसते, हे आपण जाणताच. वर पत्रा, खाली साऱ्या बायका आणि खिडक्या बंद, कारण उघडल्या की कबुतरं येतात. गेल्या आठवड्यात मालनला तिथेच घेरी आली. मी फार घाबरलो. (हे तिला कळवू नये.) सोसायटीचा ठराव असा, की सभागृहातला पारा चाळीसच्या वर गेला तरच कूलर लावावा. ठराव अध्यक्ष हिंमतरावांचा. (हा गृहस्थ पाहुणा आला की घरातला पंखा एकवर करतो.) दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या थर्मामीटरची लाल रेघ बेचाळीसवर गेलेली बघून मी त्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, रेघ पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "ठरावात पारा म्हटलंय. पारा चांदीसारखा असतो. ह्या नळीत लाल रंग घातलेलं अल्कोहोल आहे. तेव्हा पारा चढलेला नाही."

माझा मात्र चढला. पण माणूस खरं बोलत होता. पारा विषारी, नळी फुटली तर पंचाईत, म्हणून हल्ली भिंतीवरच्या थर्मामीटरात अल्कोहोलच भरतात, हेही त्यांनी मला भर भजनात ऐकवलं. खाली घातलेली मान वर केली तर थर्मामीटरच्या शेजारीच हिंमतरावांनी स्वतः रंगवलेली पाटी दिसली: 'सभागृहात कोणत्याही स्वरूपात, कितीही थोडे मद्य आणणाऱ्याने सोसायटी सोडावी.' साईनाथराव, मी फक्त दोनच गोष्टी विचारल्या. अल्कोहोलला मराठीत काय म्हणतात, आणि हा थर्मामीटर इथे कोणी आणला. तो त्यांनीच आणला होता, नातवाच्या मुंजीत आहेर आलेला.

हिंमतरावांनी पुन्हा चष्मा पुसला आणि नळी पाहिली. मग म्हणाले, "पाराच आहे तो."

बायकांनी टाळ वाजवले. कूलर लावण्याचा हुकूम जागच्या जागी निघाला. लग्नात घोड्यावर बसलो होतो, त्यानंतर इतका मान मला त्याच दिवशी मिळाला.

आपला,
जयसिंग

ता. क. : सोसायटीकडे कूलर नाही. ठराव केला, कूलर घ्यायचा राहिला. तुमच्या हडपसरच्या घरी माळ्यावर एक पडून आहे, तो टेम्पोत घालून पाठवावा.

ता. क. (मालनकडून) : साईनाथ, पत्र कुरियरला द्यायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. घेरी उन्हाने नाही, उपवासाने आली होती. भजन आम्ही कालपासून मुक्ताईंच्या घरी हलवलं, त्यांच्याकडे एसी आहे. तरी कूलर नक्की पाठव. विजय झाल्यापासून हे रोज दुपारी सभागृहात बसून येईल त्याला हकिगत सांगतात आणि मला घरात निवांत झोप मिळते. उकाडा सोसला नाही तर परत येतील.