बाबांची शेवटची फेरी

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर जे बोलायला जीभ रेटत नाही ते लिहितोय. परक्या लोकांसमोर सात मिनिटं अखंड बोलणारा तुझा भाऊ तुझ्यासमोर मुका होतो, हे त्या लोकांना सांगितलं तर पटायचं नाही.

मी महिन्यातून एकदा गोष्टी सांगायला जातो हे तुला ठाऊक आहे. पुस्तकांच्या दुकानावरचा हॉल, साठ-सत्तर घडीच्या खुर्च्या, एक माइक. आधी नाव द्यायचं, पुकारलं की उठायचं, सात मिनिटांत आटपायचं. नियम दोनच. गोष्ट खरी हवी आणि स्वतःवर घडलेली हवी. ऑक्टोबरात काय सांगितलंस म्हणून तू विचारलंस, तेव्हा मी म्हटलं की ऑफिसातली एक गंमत. ताई, ते खोटं होतं.

मी बाबांची गोष्ट सांगितली. तीस वर्षं बस चालवलेला माणूस शेवटच्या दोन महिन्यांत खाटेलाच बस समजायला लागला. मांडीवरची उशी स्टिअरिंगसारखी फिरवायचा. आणि मागे बसलेलं त्याचं पोर कंडक्टर होऊन पेल्यावर चमचा वाजवायचं, एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. शेवटच्या संध्याकाळी त्याने विचारलं की सगळे उतरले का. पोराने उतरले म्हणून सांगितलं, एक घंटी वाजवली, आणि त्याने उशी सोडून डोळे मिटले. सगळं तू दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलंस तसंच, जवळजवळ तुझ्याच शब्दांत. फक्त चमचा मी माझ्या हातात घेतला.

लोक रडले गं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात धरला, म्हणाले असा मुलगा सगळ्यांना मिळो. मी हात सोडवून घेतला नाही. तेच मला सगळ्यात जास्त खातंय.

आता २८ तारखेला वर्षभरातल्या निवडक गोष्टींचा मोठा कार्यक्रम आहे, चारशे खुर्च्यांच्या थिएटरात. कार्यक्रमवाल्या बाईंनी माझी गोष्ट शेवटी ठेवली आहे आणि घरच्यांसाठी पुढच्या रांगेचे दोन पास दिलेत. आठ दिवस ते टेबलावर पडून आहेत. तू आलीस तर ऐकशील, नाही बोलावलं तर मी चोर तो चोरच राहीन. तू सांगशील तसं करतो.

भावजींना नमस्कार. हवी तेवढी रागाव, पण लिही.

तुझा लाजलेला,
बडबड्या


१० जानेवारी

चि. बडबड्यास,
अ. उ. आ. (हे आईने लावलेल्या सवयीने लिहिलेत. मनापासून द्यायला थोडे दिवस लागतील.)

तुझं पत्र वाचता वाचता शाळेच्या सदऱ्याची बाही उलटी जोडली. उसवत बसले तर ह्यांनी विचारलं काय झालं. सांगितलं, तर म्हणतात लहान आहे, सोडून दे. चाळिशीला टेकलेला लहान!

आयत्या बिळावर नागोबा आहेस तू. दोन महिने बाबांच्या चादरी मी धुतल्या, दाढी मी केली, पाठीला पावडर मी लावली. तीनदा फोन करून ये म्हटलं, तिन्ही वेळा तुझे साहेब रजा देईनात. मला टाळ्या नको होत्या रे. पण त्या खोलीत माझी जागा तरी ठेवायची होतीस. मी अशी पुसलीच कशी गेले?

एवढं लिहून पाकीट चिकटवणार होते. पण तुला चोर म्हणायला बोट उचललं की ते माझ्याकडेच वळतंय. तर ऐक. ती घंटी मी वाजवलीच नाही.

सकाळपासून त्यांची चौथी फेरी चालली होती. सगळे उतरले का, हे त्यांनी विचारलं ते खरं. पण ते तेराव्यांदा. मी खेकसले, म्हटलं बस डेपोत लागली, तुमची ड्यूटी संपली, आता गप्प पडा. चमचा आदळला आणि आंघोळीला गेले. साडेसातचं औषध द्यायचं होतं म्हणून घड्याळ बघून गेले, सात वाजून वीस मिनिटं. बाहेर आले तर सगळं संपलेलं. तोंड दाराकडे होतं.

फोनवर तू हुंदके द्यायला लागलास आणि माझ्या तोंडून ती घंटी निघून गेली. तुझ्यासाठी थाप मारली अशी मनाची समजूत घालत आले. खरं म्हणजे मलाच ते तसं घडायला हवं होतं. ती थाप तू लोकांना ऐकवलीस. माझे शेवटचे शब्द गप्प पडा असे आहेत, आणि हे ह्यांनासुद्धा माहीत नाही.

हे पत्र फाडून टाक. थंडी आहे, बाहेर पडताना डोक्याला गुंडाळत जा.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही, फाडणारही नाही. तेराव्यांदा खेकसलीस म्हणतेस. अगं, मग आधीची बारा उत्तरं कोणी दिली? मी तर एकही दिलं नाही.

कार्यक्रमातून नाव काढून घेतलं. बाईंनी कारण विचारलं, मी म्हटलं गोष्ट माझी नव्हती. त्यांनी यादीतून माझं नाव खोडलं. मग विचारलं की तुमची स्वतःची आहे का एखादी. आहे. आणि ती पहिल्यांदा तू ऐकायचीस.

रजा मिळाली होती, ताई. साहेबांनी सोमवारीच सही केली होती. बाबा गेले त्या गुरुवारी सकाळच्या गाडीचं तिकीट होतं, ते मी शुक्रवारचं करून घेतलं. कारण गुरुवारी संध्याकाळी त्या हॉलमध्ये माझं नाव होतं. एका दिवसाने काय होतंय, असं मी चक्क स्वतःला म्हणालो.

गोष्ट बाबांचीच होती. प्रवाशाची विसरलेली छत्री परत द्यायला त्यांनी अख्खी बस बोळात घातली, ती अडकली आणि माझ्यासकट सगळ्या उतारूंनी उतरून ढकलली, ती. साधारण सात-वीसला उभा राहिलो, साडेसातच्या आत बसलो. लोक पोट धरून हसले. कार्यक्रम संपल्यावर खिशातला फोन चालू केला तर तुझे सहा कॉल. तुला सांगितलं ऑफिसात होतो, आणि दोन वर्षं तेच सांगत आलोय.

तू निदान घरात होतीस. मी त्यांच्यावर माणसं हसवत होतो. बोलणं टाकलंस तरी मी काय तोंडाने तक्रार करू?

उत्तराची आशा धरायला धजत नाही, तरी धरून आहे.

बडबड्या


२१ जानेवारी

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

दोन दिवस मशीनला हात लावला नाही. तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवूनही झालं. एका छत्रीच्या गोष्टीपायी तिकीट बदललंस! माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पुढेमागे होईल का तेही सांगता येत नाही.

पण तू सात-वीस लिहिलंस आणि मी तिथेच अडकले. मी दार लावून आत होते. खोलीत कोणी नव्हतं. दोन वर्षं मला वाटत आलं की त्या दहा मिनिटांत आपला बाप अगदी एकटा होता, जगात कुणाच्या तोंडीसुद्धा नव्हता. तर तसं नव्हतं. कुठेतरी सत्तर माणसं त्यांची बस ढकलत होती. याने तुझं बरोबर ठरत नाही, माझंही नाही. तरी ते वाचून मी मोठ्याने रडले, आणि मग पहिल्यांदाच नीट जेवले.

रविवारी ये. रजा नाही असं पुन्हा ऐकवलंस तर तंगडी मोडीन. त्यांच्या खाटेशेजारी बस आणि ती छत्रीची गोष्ट मला सांग, त्या दिवशी सांगितलीस तशीच, पहिल्या शब्दापासून. लोक जिथे जिथे हसले तिथे तिथे थांब, मला किती हसले ते कळू दे. मी रडायला लागले तर मात्र थांबू नकोस. पूर्ण कर.

अजून रागावलेली आणि वाट बघणारी,
ताई