बद्द वाजणारे कप

४ नोव्हेंबर, मंगळवार

"शंका आली की बाजूला ठेव. शंका आलेला कप कुणाच्या हातात देऊ नये." मला कप ठोकायला शिकवलं त्या मावशींचं हे वाक्य. मी तेव्हा नुकती कामाला लागले होते. कप बोटात अडकवायचा, कडेला लाकडी दांडीनं हलकेच ठोकायचं. चांगला कप किणकिणतो. आत तडा असला की बद्द वाजतो, मग डोळ्यांना दिसो न दिसो.

आज त्या दांडीशेजारी टॅब येऊन बसला. तयार मालाची तपासणी आता सॉफ्टवेअरमध्ये. भट्टीतून आलेला लॉट पडद्यावर उगवतो, मग एकेका कपाला पास किंवा नापास. नापास म्हटलं की कारण विचारतो — डाग, टवका, वाकडी कड. आवाज कुठेच नाही. शंका आलेले कप ठेवायची मावशींची फळीही नाही. दिवसभर चुकीच्या दारात उभं असल्यासारखं वाटत राहिलं.

६ नोव्हेंबर

नापास कपाचा फोटो काढल्याशिवाय टॅब पुढे सरकत नाही. काढले. कारणात 'टवका' दाबलं, दुसरं काय दाबणार?

दुपारी साहेब खाली आले. "बाई, ह्यात टवका दाखवा मला. हे तर जाहिरातीत छापावेत असे कप आहेत."

"साहेब, आवाजाचा फोटो कसा काढू?"

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

७ नोव्हेंबर

सॉफ्टवेअरवाला येऊन नीट करून गेला. 'आवाज बद्द' हे कारण आलं, त्याला फोटो नको. शिवाय 'थांबवा' असं नवं बटण. "घ्या ताई, तुमच्या मावशींची फळी. थांबवलेला माल पॅकिंगला जात नाही आणि मोडीतही नाही. दुसरं कुणी तपासेपर्यंत नुसता थांबतो." बरं वाटलं. कुणीतरी ऐकलं माझं.

घरी कपडे मशीनमध्येच कुबट झाले. धुणं झालं की बीप वाजायची, ती बंद पडलीय. मेकॅनिकला सांगायला हवं.

१२ नोव्हेंबर

साहेबांनी सगळ्यांना वर बोलावून मोठ्या पडद्यावर नापास मालाच्या आकड्यांचे खांब दाखवले. 'आवाज बद्द'चा लाल खांब छताला टेकलेला. खाली लिहिलेलं — भट्टी क्रमांक दोन. म्हणजे आमचे भट्टीवाले दादा.

"दादा, भट्टी घाईनं गार करताय. तडे त्याशिवाय जात नाहीत."

"जशी इतकी वर्षं करतोय तशीच करतोय, साहेब."

"मग हा खांब काय हवेतून आला?"

दादा जिना उतरून गेले. नंतर नळावर हात धुताना मला म्हणाले, "तुमच्या कानावर माझा भरवसा आहे, बाई. तुम्ही म्हणता म्हणजे तडा असणारच. येतो कुठून तेवढंच कळेना."

मलाही कळत नाही. कप तर बद्द वाजतात. मी काय करू?

१४ नोव्हेंबर

डोक्यावरच्या पंख्याचा आवाज मध्ये येत असेल म्हणून पंखा बंद केला. घामानं भिजले. दांडी बदलली. मातीवाल्याला विचारलं, माती तीच. एक नंबरच्या भट्टीचा माल पलीकडच्या टेबलावर जातो, तिथे सगळं छान किणकिणतंय म्हणे. मग दोन नंबरलाच काय झालं? दादा भट्टीसमोर स्टूल टाकून बसलेत, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. डबा उघडलाच नाही.

१८ नोव्हेंबर

येत्या सोमवारपासून दादा भट्टीवर नसणार. गोदामात खोकी चढवायला. ह्या वयात! "निवृत्तीपर्यंत निभेल वाटलं होतं," एवढंच बोलले. माझ्यावर राग नाही, तेच जड जातंय.

१९ नोव्हेंबर

मेकॅनिक आला. झाकण उघडलं, बटणं दाबली. "ताई, बीप वाजतेय की."

"कुठे?"

त्यानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं माझ्याकडे. "आई, ती बंद पडलीच नव्हती. मला वाटायचं, तू हातातलं काम सोडून उठत नाहीस."

त्यानं पैसे घेतले नाहीत. बिघडलेलंच काही नाही तर कशाचे घेऊ, म्हणाला.

२० नोव्हेंबर

दोन कप घरी आणले. एक मी पास केलेला, एक नापास. लेकीला पाठमोरी बसवलं, दोन्ही ठोकले. "सांग, खराब कुठला?"

"दोन्ही सारखेच वाजतात."

"नीट ऐक."

"ऐकतेय गं. तूच ऐक ना." तिनं चमचा घेतला, माझ्या कानाशी कप धरून ठोकला. चमचा कपाला लागलेला दिसला. 'टक्' ऐकू आलं. त्यापुढची किणकिण, ती हवेत लांबत जाणारी शेपटी, आलीच नाही. आणि हा मी पास केलेला कप होता. तो तरी मी कशाच्या जोरावर पास केला? नुसत्या सवयीनं?

कधी गेली ती किणकिण? घरातलं कुणी उठून बाहेर जावं, तेही दार लोटताना कळतं. हे तर कळलंसुद्धा नाही.

गप्प बसावं, असंही मनात येऊन गेलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी ते नाकारीन. पण मग भट्टीवर नवा माणूस येईल, त्याचेही कप बद्द वाजतील. मग त्याला खोकी उचलायला पाठवायचं का?

२१ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत, टेबलावरच लिहितेय. सकाळपासून दांडी उचलली नाही. पूर्ण लॉट 'थांबवा'वर टाकला. कारणात लिहिलं — शंका कपांवर नाही, माझ्या कानावर आहे.

मोडीत गेलेले कप आता परत येणार नाहीत. पण राहिलेले दुसऱ्या कुणी ठोकले की खांब आपोआप खाली येईल, आणि दादा भट्टीवर राहतील. साहेब तेवढं मानतील, आकडे मानतात ते. त्यानंतर स्वतःसाठी एक मागणार आहे: ठोकायचं काम दुसऱ्या कुणाला द्या, पण मला ह्याच टेबलावर डाग न् टवके बघू द्या. डोळे अजून शाबूत आहेत.

नाहीच म्हणतील. त्या टॅबमध्ये एका टेबलाला एकाच माणसाचं नाव बसतं.

तरी विचारते.