विहीणबाईंसाठी पाच सूर

३ मार्च, सकाळी ६
संकल्प. होणाऱ्या विहीणबाई २८ तारखेला येताहेत. मुलगी इतक्या दूर द्यायची की नाही, हे आमचं घर पाहून ठरवणार. त्यांना थाईशिवाय भाषा येत नाही. तेव्हा आपणच थाई शिकायची. सत्तावीस वर्षं बस स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारतोय. पंचवीस दिवस पुष्कळ झाले. मुलगा म्हणाला, "मी सांगेन ना त्यांना, बाबा." लक्ष दिलं नाही.

५ मार्च
पुस्तक आणलं. सूर पाच : सपाट, खालचा, पडता, उंच, चढता. 'मा' सपाट म्हटलं तर येणे, उंच म्हटलं तर घोडा, चढतं म्हटलं तर कुत्रा. सोपं आहे.

९ मार्च
पुस्तक वाईट आहे. अक्षरांचे तीन वर्ग. वर खुणा. एकच खूण एका वर्गात सूर पाडते, दुसऱ्या वर्गात उंच नेते. म्हणजे अर्ज तोच, खिडकी बदलली की उत्तर वेगळं.
होणाऱ्या सूनबाईला फोनवर थाईत 'या' म्हणून दाखवलं. तिने मोडक्या मराठीत विचारलं, घरी कुत्रा पाळलाय का.

१४ मार्च
सराव नाही. घसा.

१५ मार्च
सराव नाही. पाहुण्यांसाठी पडदे धुवायचे होते. (हिने धुतले.)

२० मार्च
धोरण बदललं. नियम गेले खड्ड्यात, एकच वाक्य घोटायचं : तुमची मुलगी जवळच राहील. आईचा जीव तिथेच अडकलाय. जवळ म्हणजे 'क्लाइ', सूर पडता. आरशासमोर चाळीस वेळा म्हटलं. ही म्हणाली, गाडी फलाटावर लागल्यासारखं वाटतंय. हिला कान नाही.

२८ मार्च, संध्याकाळी ५
आल्या. बारीक चणीच्या, अबोल. पुढे होऊन वाक्य म्हटलं. नुसत्या बघत राहिल्या. कमी ऐकू येत असेल म्हणून माईकवरच्या आवाजात आणखी दोनदा. त्यांचे डोळे भरून आले. काम फत्ते.
हिने त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तासभर दोघी आत. भाषा एकीची दुसरीला येत नाही, काय बोलल्या देव जाणे.

२९ मार्च
लग्न ठरलं. श्रेय घ्यायला चहाच्या आधीच तयार होऊन बसलो.
सूनबाईने फोनवर हळूच सांगितलं. 'क्लाइ' पाडून म्हटलं तर जवळ, सपाट म्हटलं तर लांब. मी सपाट म्हणालो. तिन्ही वेळा.
विहीणबाई तिला म्हणाल्या म्हणे, "सगळे मला जवळच आहे, जवळच आहे म्हणून फसवत होते. हा एक माणूस तोंडावर खरं बोलला. आणि त्याची बायको माझ्याबरोबर रडली. तुला इथेच देते."
मुलाने दुपारी कामं वाटून दिली. लग्नात विहीणबाईंपाशी आई बसेल. मी दाराशी उभं राहून हात जोडायचे. तोंड मिटून, असंही तो म्हणाला.