आधी छान, गाव शेवटी

मंगळवार, संध्याकाळ. खांदा कॉलनी.

मी सांगते आणि नात सायली लिहिते, कारण अक्षरांशी माझी सोयरीक कधी जुळलीच नाही.

आज ती परीक्षेचं इंग्रजी घोकत होती. माणसाचं वर्णन करताना म्हणे इंग्रजांच्यात शब्दांची रांग ठरलेली असते. आधी आपलं मत, मग उंची, वय, रंग, आणि गाव शेवटी. "छान, उंच, तरुण, सावळा, चंद्रपूरचा मुलगा." पुन्हा पुन्हा तेच.

"कोण गं हा?"

"आजी, उदाहरण आहे ते!"

"मग उदाहरणाला नाव हाय का नाय?"

लाजली. हो, लाजलीस, तेही लिही.

आमच्या वेळी लग्न ठरवताना आधी गाव विचारायचे. मुलीचं मत रांगेतच नसायचं. मला विचारलं असतं तर? कोण जाणे. म्हातारा बरा निघाला, ते वेगळं.

सायलीचा बाप, माझा मुलगा, म्हणतो, इथल्या जवळच्या कर्नाळ्यापलीकडे मुलगी देणार नाही. चंद्रपूर आधी ऐकलं तर पुढचं ऐकायचाच नाही.

उद्या मीच त्याच्याशी बोलेन, इंग्रजांच्या रांगेनं. आधी छान म्हणेन आणि चहा देईन. चंद्रपूर काढेन ते कप रिकामा झाल्यावर.

सायले, हात का थांबला? लिही.