टेकडी नव्हे, अंगठा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? मी बरा आहे. बाबांना जाऊन तीन महिने झाले, तरी हातून चहा दोघांचाच होतो. (दोन्ही कप मीच पितो, म्हणून झोपेची तेवढी तक्रार आहे.)

मी भांडणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. पण परवा वाचनालयात भांडलो. तिथे गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरतं आहे. पाण्याची टाकी, पूल, पोस्टाची इमारत, सगळे फोटो आपल्या ट्रंकेतले, बाबांनी काढलेले; नगरपालिकेचा कॅमेरा हाताळू शकणारे कारकून तेवढेच एक. इतिहासाचे निवृत्त गुरुजी महिनाभर भिंग घेऊन बसले आणि त्यांनी शोध लावला, की गावाच्या डाव्या अंगाला पूर्वी एक गोल टेकडी होती, ती पुढे खणून नेली. प्रत्येक फोटोत दिसते म्हणे. (पोस्टाच्या आतल्या फोटोतही, काउंटरशेजारी दिसते, हे त्यांना खटकलं नाही.) टेकडीची पाटीसुद्धा छापून झाली होती. मी हळूच सांगितलं, ती टेकडी नाही, आमच्या बाबांचा अंगठा आहे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे यायची त्याला खोडच होती.

गुरुजींनी पुन्हा एकदा फोटोवर भिंग धरलं. मग म्हणाले, "मग कापून टाकू. इतिहासात अंगठा कशाला?" ग्रंथपालबाई लगेच कात्री शोधू लागल्या. ताई, जो माणूस जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिला, तो गावाच्या एकाही फोटोत नाही. त्याचं उरलंय ते एवढंच, आणि तेही कापायचं? मी म्हणालो, "अंगठा राहील, नाहीतर फोटो घरी जातील." वर त्यांना अंगठा दाखवला. अगदी खरोखरचा. (गुरुजींनी तोही भिंगातून पाहिला. आकार जुळला.) शेवटी पाटीवरची टेकडी मीच खोडली आणि लिहिलं: छायाचित्रकाराचा डावा अंगठा.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या लग्नाच्या फोटोतला अंगठा तू फ्रेमसाठी कापला होतास. तुकडा टाकला नसशीलच; तू दोऱ्याची रिकामी रिळंही टाकत नाहीस. तेवढा पाठव, त्यासाठीच हे पत्र.

पुन्हा ता. क. गुरुजींना कळू देऊ नकोस, पण पुलाच्या फोटोतला अंगठा माझा आहे. त्या दिवशी बाबा म्हणाले होते, एक माझाही काढ. ते पुलावरच उभे आहेत, अंगठ्याच्या मागे.